आधी कापड, मग नक्षी

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी गोधडी आहे का? कोणी तिला गोधडी म्हणतात, कोणी वाकळ म्हणतात. तुमच्या घरात कदाचित तिला गुदडी म्हणत असतील. ‘गुदडी का लाल’ हा शब्दप्रयोग तुम्ही उर्दूत नक्कीच ऐकला असेल. नाव कोणतेही असो, वस्तू तीच. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवायचे, वरच्या बाजूला रंगीत तुकडे जोडायचे आणि सगळे मिळून धावदोऱ्याने शिवून टाकायचे. झाली गोधडी!

तुम्ही म्हणाल, “एवढ्या साध्या गोष्टीवर लेख कशाला?” पण थांबा. गोधडी शिवणे सोपे आहे. गोधडीचा बेत आखणे सोपे नाही. कोणते कापड घ्यावे, कोणते टाळावे, कोणता रंग कुठे ठेवावा, नक्षी कोणती काढावी, हे सारे सुईत दोरा ओवण्याआधी ठरवावे लागते. याबाबत माझे मत अगदी स्पष्ट आहे. आधी कापड पाहावे, मग नक्षी ठरवावी. बहुतेक लोक नेमके उलट करतात. मीही एकदा उलट केले होते. त्याचीच गोष्ट आधी सांगते.

मी तेव्हा नववीत होते. माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळासाठी आपण स्वतः गोधडी शिवायची, असे मी ठरवले. एका मासिकात मी एक चित्र पाहिले होते. लाल आणि पांढऱ्या रंगाच्या तुकड्यांची मोठी चांदणी त्यात होती. ती नक्षी माझ्या मनात भरली. मी साठवलेले पैसे घेऊन बाजारात गेले आणि लाल रंगाचे चकचकीत नवे कापड व पांढरे सुती कापड घेऊन आले.

घरात जुने कापड नव्हते का? होते. आजी आदल्या वर्षी वारली होती. तिच्या दोन सुती नऊवारी साड्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या होत्या. पण त्या विटलेल्या होत्या, आणि माझ्या चांदणीत त्यांचा रंग बसत नव्हता. एका दुपारी बोहारीण दारावर आली. आई ताईला घेऊन दवाखान्यात गेली होती. मी त्या दोन्ही साड्या बोहारणीला दिल्या आणि स्टीलचा एक डबा घेतला. आईला आनंद होईल, असे मला वाटले.

गोधडी शिवून झाली. दिसायला ती सुंदर होती. पण म्हणतात ना, दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं! चकचकीत कापडावरून बाळ घसरू लागले. त्यातून हवा खेळत नसल्यामुळे त्याची पाठ घामाने ओली होऊ लागली. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला. पांढरे सुती कापड आटले, लाल कापड आटले नाही. त्यामुळे माझी चांदणी सुकलेल्या पानासारखी आक्रसून गेली.

आमच्या शेजारी एक खाला राहत. सगळी गल्ली त्यांना ‘बडी खाला’ म्हणे. त्या बाळाला पाहायला आल्या. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला. मग मला विचारले, “बेटी, दादी की साडियाँ थीं ना घर में?”

मी म्हणाले, “खाला, त्या मी बोहारणीला दिल्या.”

खाला काही बोलल्या नाहीत. आईही काही बोलली नाही. पण त्या डब्यात आईने कधी काही भरले नाही. तो बरीच वर्षे फळीवर तसाच पडून होता.

दोन दिवसांनी खाला पुन्हा आल्या. त्यांनी एक छोटी गोधडी आणली होती. आत त्यांच्या जुन्या ओढण्या होत्या आणि वर त्यांच्या यजमानांच्या चौकड्यांच्या लुंगीचे तुकडे होते. रंग फिके होते. नक्षी म्हणजे साधे चौकोन. पण बाळ त्या गोधडीवर ठेवताच शांत झोपले. खाला मला म्हणाल्या, “पहले कपडा देख, फिर नक्शा सोच.” त्या दिवसापासून मी या वाक्याला विसरलेले नाही.

मित्रांनो, हे वाक्य नीट समजून घेऊ.

गोधडीचा बेत आखताना पहिला प्रश्न विचारायचा, तो असा: ही गोधडी कोणासाठी आहे? तान्ह्या बाळासाठी असेल, तर ती हलकी आणि मऊ हवी. म्हाताऱ्या माणसासाठी असेल, तर उबदार हवी; पण इतकी जड नको, की अंगावर ओढून घेताना त्यांना त्रास व्हावा. जमिनीवर अंथरायची असेल, तर खालचे कापड जाड आणि टिकाऊ हवे. वापरणारा माणूस डोळ्यांसमोर आला, की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

दुसरा प्रश्न: घरात कोणते कापड आहे? बाजारात काय आहे, हा प्रश्न नंतरचा. वापरून वापरून मऊ झालेले सुती कापड गोधडीसाठी सर्वांत उत्तम असते. ते घाम शोषून घेते. अनेकदा धुतलेले असल्यामुळे ते आणखी आटत नाही आणि त्याचा कच्चा रंगही केव्हाच निघून गेलेला असतो. ज्या गोष्टींमुळे ते आपल्याला जुने वाटते, त्याच गोष्टींमुळे ते गोधडीच्या कामी येते.

यात नऊवारी साडीचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. साडीच्या लांबीचे चार सारखे भाग केले, की सुमारे दोन मीटर लांबीचे चार थर तयार होतात. साडीचा पन्हा साधारण एक मीटरहून थोडा जास्त असतो. म्हणजे एका माणसाला पुरेल एवढ्या गोधडीचे पोट एकाच साडीत भरते. मी त्या दुपारी बोहारणीला काय देऊन बसले, हे आता तुमच्या लक्षात येईल.

पण सगळेच जुने कापड चांगले असते, असेही नाही. कापड उजेडासमोर धरून पाहा. ज्यातून जाळीसारखे आरपार दिसते, ते विरलेले कापड वर लावू नका. ते आतल्या थरात घाला. हाताने हलकेच ताणल्यावर जे टर्रकन फाटते, ते तर आतही नको. जीन्ससारखे जाड कापड आणि मलमलीसारखे तलम कापड शेजारी शेजारी जोडू नका. जाड कापड तलम कापडाला ओढते आणि शिवण उसवते. नवे कापड मिसळायचेच असेल, तर ते आधी दोनदा धुऊन वाळवा. गडद लाल, निळा किंवा काळा रंग असेल, तर पांढरा कपडा ओला करून त्यावर घासा. पांढऱ्यावर रंग उतरला, तर ते कापड अजून तयार नाही असे समजा.

सुती कोणते आणि कृत्रिम धाग्याचे कोणते, हे कसे ओळखावे? कापडावर पाण्याचा थेंब टाका. धुऊन मऊ झालेले सुती कापड तो लगेच पिऊन टाकते. पॉलिस्टरवर तो बहुधा काही वेळ तसाच राहतो. आणखी एक परीक्षा आहे, पण ती घरातल्या मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करा. कापडाचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते. पॉलिस्टरचा धागा वितळतो आणि त्याची कडक गोळी बनते. जे कापड आगीत वितळते, ते बाळाच्या अंगाखाली घालावे का, हे तुम्हीच ठरवा.

आता तिसरा प्रश्न येतो, तो नक्षीचा. येथेही माझे म्हणणे असे आहे, की नक्षी कापडाला विचारून ठरवावी. मोठ्या फुलांचे कापड असेल, तर त्याचे लहान तुकडे करू नयेत. फूल मधोमध कापले गेले, की ते फूल राहत नाही, नुसता डाग राहतो. अशा कापडाचा मोठा चौकोन करून तो मध्यभागी ठेवावा. बारीक बुट्ट्या, पट्टे आणि चौकडे यांचे तुकडे लहान केले तरी शोभतात. साडीचे काठ मजबूत असतात. ते कापून फेकू नका. गोधडीच्या चारी बाजूंना लावा. गोधडी आधी कडेलाच फाटते, म्हणून तेथे काठ हवेत.

रंगांच्या बाबतीत नवशिक्यांची चूक ठरलेली असते. त्यांना वाटते, जितके रंग जास्त, तितकी गोधडी सुंदर. खरे तर रंगांच्या संख्येपेक्षा फिका आणि गडद हा भेद महत्त्वाचा. सगळे तुकडे जमिनीवर मांडा. चार पावले मागे जा आणि डोळे अर्धवट मिटून पाहा. नक्षी दिसली, तर मांडणी बरोबर. सगळे एकसारखे पिठूळ दिसले, तर काही तुकडे बदला. हे काम शिवण्याआधी करायचे. मांडलेला तुकडा क्षणात बदलता येतो. शिवलेला तुकडा बदलायचा, तर तासभर उसवत बसावे लागते.

पहिल्या गोधडीसाठी चौकोनच घ्या. पंधरा सेंटिमीटरचे चौकोन घेतले, तर लांबीत १३ आणि रुंदीत ७, असे ९१ चौकोन लागतात. गोधडी १९५ सेंटिमीटर लांब आणि १०५ सेंटिमीटर रुंद होते. बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी करायची, तर ४६ चौकोन एका छटेचे आणि ४५ दुसऱ्या छटेचे हवेत. शिवणीसाठी प्रत्येक बाजूला एक सेंटिमीटर कापड सोडायचे असते. म्हणून चौकोन १७ सेंटिमीटरचा कापावा. त्रिकोणांचा मोह आवरा. कापड तिरके कापले, की त्याची कड ताणली जाते आणि टोकाला टोक जुळत नाही. माझी चांदणी त्यामुळेच बिघडली होती. चौकोन जमले, की मग चांदणीकडे वळा.

ज्यांना नक्षीची आवड आहे, त्यांनी डोळे उघडे ठेवून आपल्या गावातल्या जुन्या इमारती पाहाव्यात. छत्रपती संभाजीनगर येथे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, बीबी का मकबरा आहे. तेथे कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. चौकोन, त्रिकोण, अष्टकोन अशा साध्या आकारांतून कारागीर केवढी शोभा उभी करतात, हे अशा जाळ्यांत दिसते. वहीत चौकटी आखा आणि अशी एखादी नक्षी उतरवून पाहा. गणिताचा आणि कलेचा असा मेळ तुम्हांला दुसरीकडे क्वचितच सापडेल.

कापडाला दोन बाजू असतात, एक डोळ्यांसाठी आणि एक अंगासाठी, हेही विसरू नका. ‘मशरू’ हे कापड तुम्ही ऐकले असेल. गुजरातमधील पाटण हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. या कापडाची वरची बाजू रेशमी असते आणि अंगाला लागणारी बाजू सुती असते. पुरुषांच्या अंगाला रेशीम लागू नये, हा नियम पाळणाऱ्यांनाही ते वापरता येई. म्हणून त्याचे नाव मशरू, म्हणजे शरीअतला मान्य. गोधडीतही हेच करावे. हौसेचा एखादा चमकदार तुकडा वर लावा. अंगाला लागणारी बाजू मात्र मऊ सुतीच ठेवा.

काही जण म्हणतील, “जुन्या कापडाची गोधडी म्हणजे गरिबीची खूण. आता बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते. एवढी मेहनत कोणी करावी?” हे म्हणणे मी थट्टेवारी नेत नाही. ज्या स्त्रीला दिवसभर कामाला जावे लागते, तिने ब्लँकेट विकत घेतले, तर त्यात काही चूक नाही. पण जुन्या कापडाची लाज बाळगण्याचे कारण मला पटत नाही. बंगालमधील ‘कांथा’ पाहा. जुन्या साड्या एकावर एक ठेवून, साडीच्याच काठांतून काढलेल्या रंगीत धाग्यांनी त्यावर फुले, पाने आणि पक्षी काढण्याची तेथे रीत होती. याच कांथेवरून नाव घेऊन कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ मध्ये ‘नक्शी कांथार माठ’ हे काव्य लिहिले. शेजारच्या कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्यात मुसलमान, ख्रिस्ती आणि हिंदू असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. तिन्ही घरांतल्या स्त्रिया जुन्या कपड्यांची ‘कवंदी’ शिवतात. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून, कडेकडेने फिरत त्या मध्यापर्यंत येतात. शेवटी चार कोपऱ्यांत कापडाची छोटी त्रिकोणी ‘फुले’ लावतात. फुलांशिवाय कवंदी त्यांना अपुरी वाटते.

आणखी दूरचे उदाहरण हवे असेल, तर अमेरिकेतील अलाबामा राज्यातले ‘जीज बेंड’ हे खेडे घ्या. तेथील कृष्णवर्णीय शेतकरी स्त्रिया कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवत असत. मिसूरी पेटवे या स्त्रीचा नवरा वारला. १९४२ मध्ये तिने त्याच्याच कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती आठवण पांघरून झोपता यावे, एवढाच तिचा हेतू होता. या खेड्यातील गोधड्यांचे २००२ मध्ये ह्यूस्टन शहरातील कलासंग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्यावर दहा तिकिटे काढली. त्या स्त्रियांनी कापड निवडताना दुकान पाहिले नव्हते, घर पाहिले होते. घरात जे होते, त्याच्याशी बोलत बोलत त्यांनी नक्षी शोधली. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ अशी मराठीत म्हण आहे. तुमच्या उर्दूतही ‘जितनी चादर हो, उतने पाँव फैलाओ’ असे म्हणतातच. त्या स्त्रियांनी पाय तर तेवढेच पसरले. पण अंथरूण मात्र असे शिवले, की सारे जग ते पाहायला आले.

मला खरी काळजी वाटते, ती वेगळ्याच गोष्टीची. आज घराघरांतल्या पेट्यांत सुती कापडच कमी होत चालले आहे. मालेगावचे यंत्रमाग एके काळी रंगीत सुती साड्यांसाठी ओळखले जात. आता बाजारात कृत्रिम धाग्याचे कापड मोठ्या प्रमाणावर दिसते. ते स्वस्त आहे, लवकर वाळते, इस्त्रीला सोपे आहे. पण ते जुने झाले, तरी सुती कापडासारखे मऊ होत नाही. म्हणजे आज आपण जे कापड विकत घेतो, त्यावरच पंचवीस वर्षांनंतरची गोधडी अवलंबून आहे. म्हणून मी म्हणेन, गोधडीचा बेत दुकानातच सुरू होतो. कुर्ता, ओढणी, लुंगी, चादर घेताना एखादी तरी वस्तू सुती घ्या. मिश्र धाग्याचे जुने कपडेही फेकू नका. त्यांची जमिनीवर अंथरायची बैठक करा किंवा शिलाई यंत्रावर घालायचे झाकण करा. प्रत्येक कापडाला त्याचे काम मिळाले पाहिजे.

आणि हो, हे सर्व केवळ मुलींसाठी लिहिलेले नाही. दर्जीकाम करणारे, मागावर बसणारे कितीतरी हात पुरुषांचेच आहेत. मग गोधडीसाठी सुई धरताना मुलांनी का लाजावे? तुकडे मोजणे, चौकोन आखणे, रंग मांडणे ही कामे तरी भावंडांनी मिळून करता येतील.

आज ते बाळ मोठे होऊन नोकरीला लागले आहे. बडी खाला आता या जगात नाहीत. पण त्यांची छोटी गोधडी ताईने जपून ठेवली आहे. तिच्यावरचे लुंगीचे चौकडे आता जवळजवळ पुसले गेले आहेत. आजीच्या साड्यांचा मात्र एक धागाही आमच्याजवळ नाही. आहे तो फक्त स्टीलचा डबा.

तेव्हा मित्रांनो, या सुट्टीत एक काम करा. घरातली जुनी पेटी उघडा. दादीला, नानीला, अम्मीला शेजारी बसवा आणि एकेका कापडाबद्दल विचारा: हे कोणाचे? कधी घेतले? कोणत्या ईदला पहिल्यांदा नेसले? मग कापड हातात घेऊन त्याचा मऊपणा पाहा, ते उजेडासमोर धरा. नक्षीची घाई करू नका, ती सुचेल. पण हे सारे बोहारीण दारावर येण्याआधी करा.